मरीआईचा गाडा गेला, रोगाची वाट राहिली

पनवेलचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. माथेरानच्या डोंगरावर पाऊस कोसळतो, गाढी नदी फुगते, आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर पाण्याला जायला वाट राहत नाही. मग ते सखल वस्तीत शिरते. गटार, रस्ता आणि घराचा उंबरठा एका पातळीला येतात. पाणी ओसरते, बायाबापड्या चिखल काढतात, भिजलेले तांदूळ वाळत घालतात आणि म्हणतात, सुटलो बाबा. पण खरे संकट आठ-पंधरा दिवसांनी दार वाजवते, तेव्हा पाऊस उघडलेला असतो.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर महिला मंडळाच्या भगिनी बसल्या होत्या. बोलणे आजारपणावर आले. कोणाच्या मुलाला जुलाब, कोणाच्या घरी ताप, कोणाची सून पिवळी पडलेली. कोपऱ्यात बसलेल्या एक आजी, मूळच्या महाडकडच्या, आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, आमच्या लहानपणी पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचे. बाबासाहेबांनी देवी सोडायला लावली, आम्ही सोडली. चांगलं झालं. पण मग रोग येतो कुठून, ते कोणी सांगितलंच नाही."

दोन-तीन पोरी हसल्या. आम्हाला मात्र हसू आले नाही. आजींनी बरोबर जागी बोट ठेवले होते. आपण १९५६ नंतर देव्हारे रिकामे केले, नवस-सायास बंद केले, पण देवीच्या जागी जे ज्ञान यायला हवे होते ते प्रत्येक घरात पोहोचले का? नसेल, तर ती आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांची उणीव आहे. आजचा लेख आजींच्या त्या प्रश्नाला उत्तर म्हणून.

मरीआईचा गाडा आपल्या वाचकांतील ज्येष्ठांना आठवत असेल. गावात पटकीने माणसे पटापट जाऊ लागली की लहानसा लाकडी गाडा करायचे, त्यात देवी बसवायची, हळद-कुंकू, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत गाडा शिवेपर्यंत न्यायचा. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर काढायचा. या सगळ्यात आपल्या माणसांना मोठा मान असे, असे सांगतात. मान कसला? मरीआईचे ठाणे आपल्या वस्तीजवळ, तिची सेवा आपल्याकडे, तिचा कोप झाला की तो शांत करण्याची जबाबदारीही आपली. मेलेले ढोर आपण ओढायचे आणि गावाचा रोगही आपणच ओढून न्यायचा.

तरी एक गोष्ट मान्य करू. पटकी एका गावातून पुढच्या गावाला जाते, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या लोकांना कळले होते. निरीक्षण खोटे नव्हते. वाट ओळखण्यात चूक झाली. रोग गाड्यातून जात नव्हता. गाड्यामागे चालणाऱ्या माणसांच्या पोटातून आणि त्यांनी वाटेत वापरलेल्या ओढ्या-विहिरींच्या पाण्यातून तो जात होता. शिवेबाहेर नेऊन सोडलेली मरीआई संध्याकाळी त्याच पाणवठ्यावरून घागर भरून घरी परत येत होती.

ही वाट प्रथम नीट शोधून दाखवली ती लंडनमध्ये. डॉक्टर जॉन स्नो हे यॉर्कच्या एका मजुराचे पुत्र. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीचा भडका उडाला आणि थोड्याच दिवसांत सहाशेच्या वर माणसे गेली. मोठमोठे डॉक्टर तेव्हा म्हणत, घाणेरड्या हवेने रोग होतो. पटकीचा जंतू कोणी ओळखलेला नव्हता. स्नो यांनी एक साधे काम केले. कोण मेले, कुठे राहत होते, पाणी कोठले पीत होते, हे घरोघर विचारले. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती निघाले. जवळच गरिबांचे एक आश्रयगृह होते, तेथे शेकडो माणसे असून मृत्यू फारच थोडे, कारण त्यांची विहीर वेगळी. दारू गाळण्याच्या कारखान्यातले कामगारही वाचले, त्यांना प्यायला बियर मिळे. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मेली. चौकशीत कळले की ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव तिला आवडे म्हणून ती ते मुद्दाम मागवून घेत असे! ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर उतरणीला लागलीच होती, हे स्नो यांनी स्वतः कबूल केले आहे. तरीही वाट सापडली ती सापडलीच.

त्या वस्तीत हेन्री व्हाइटहेड नावाचे एक पाद्री होते. स्नो यांचे म्हणणे त्यांना पटले नाही, आणि ते खोडून काढायला म्हणून ते स्वतः दारोदार फिरले. त्यांनी आजारी पडलेल्यांबरोबर आजारी न पडलेल्यांनाही विचारले, तुम्ही पाणी कोठले प्यायलात? उत्तरे मिळत गेली तसे त्यांचेच मत पालटले. पुढे त्यांनीच शोधले की पंपाशेजारच्या घरात एक तान्हे मूल जुलाबाने आजारी होते, त्याचे लंगोट धुतलेले पाणी घराच्या शोषखड्ड्यात जात होते आणि खड्डा विहिरीत पाझरत होता. स्वतःचे मत खोटे ठरले तर ते सोडून देणारा असा माणूस आम्हाला फार आवडतो.

तीस वर्षांनी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला पटकीचा जंतू आपल्याच देशात, कलकत्त्यात, एका तळ्याच्या पाण्यात सापडला. लोक त्या तळ्यात आंघोळ करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत.

आता पनवेलहून गोवा रस्त्याने महाडला चला. तेही आपल्याच रायगड जिल्ह्यात. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले आणि हजारो लोकांनी त्यांच्यामागून घेतले. त्यानंतर विरोधकांनी तळे 'शुद्ध' केले, ते कशाने? घागरी भरभरून शेण, गोमूत्र, दूध आणि दही त्यात सोडून. कॉख यांच्या तळ्याला तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती. जनावराची विष्ठा आणि मूत्र पिण्याच्या पाण्यात मिसळू नये, हे शाळेच्या पुस्तकात छापले जात असेल अशा काळात माणसाच्या ओंजळीने विटाळलेले पाणी शेणाने पवित्र झाले! तळे सर्वांना खुले आहे हा न्याय उच्च न्यायालयातून मिळायला १९३७ साल उजाडले. आम्ही हे जुने दुखणे उगाळायला सांगत नाही. विटाळ आणि दूषितपणा या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे यापेक्षा स्वच्छ कोठे दिसणार? विटाळ माणसाच्या जन्मावर ठरवला जातो आणि तो डोळ्यांना कधीच दिसत नाही. दूषितपणा मोजता येतो, बाटलीत भरून तपासायला पाठवता येतो, आणि तो ब्राह्मणाच्या आणि बौद्धाच्या घागरीत सारखाच असतो.

मग आपल्या गल्लीत रोगाची वाट कशी शोधायची? यासाठी डॉक्टर व्हावे लागत नाही. साथीच्या रोगांचे जे शास्त्र आहे ते तीन प्रश्नांवर उभे आहे: कोणाला झाला, कोठे झाला, केव्हा झाला. पुढचे सगळे त्यातून निघते. पण तिन्ही प्रश्न विचारताना काही चुका हटकून होतात, त्या सांगतो.

पहिली चूक मोजण्याची. समजा, शेजारच्या मोठ्या वसाहतीत बारा जण आजारी आहेत आणि आपल्या गल्लीत आठ. लोक म्हणतात, तिकडे जास्त आहे, इकडे बरे आहे. पण त्या वसाहतीत राहतात सहाशे, आणि आपल्या गल्लीत ऐंशी. म्हणजे तिकडे शंभरात दोन आणि इकडे शंभरात दहा. भडका आपल्या दारात आहे, तिकडे नाही. किती आजारी, एवढे विचारून भागत नाही. कितीपैकी किती, असे विचारावे लागते.

दुसरी चूक व्हाइटहेड यांनी टाळलेली. आजारी पडलेल्या दहाच्या दहा जणांनी परवाच्या बारशात श्रीखंड खाल्ले होते, म्हणून श्रीखंडाला दोष देऊन आपण मोकळे होतो. अहो, पण त्या बारशात श्रीखंड खाऊन ठणठणीत राहिलेले पन्नास जण आहेत, त्यांना कोणी विचारले का? तेच दहा जण गटाराशेजारच्या नळाचे पाणी पिणारे आहेत आणि ते पन्नास जण दुसऱ्या नळाचे, असे निघाले तर श्रीखंड निर्दोष सुटते.

तिसरी चूक काळाची, आणि ती सगळ्यात महागात पडते. जंतू पोटात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत मधे काही काळ जातो, आणि तो प्रत्येक रोगाचा वेगळा असतो. शिळ्या अन्नाची बाधा काही तासांत दिसते. पटकी काही तासांत ते पाच दिवसांत. पण दूषित पाण्यातून होणारी कावीळ दोन आठवड्यांपासून सहा-सात आठवड्यांपर्यंत कधीही दिसते. मुलगा पिवळा पडला की आई विचारते, काल काय खाल्लेस रे? कालचा काही संबंध नाही. आठवा, महिन्यापूर्वी पाण्याला वास येत होता का, पाइप फुटला होता का, तीन दिवस टँकरचे पाणी होते का. १९५५-५६ च्या हिवाळ्यात राजधानी दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली, सुमारे २९,००० लोक पिवळे पडले. यमुनेत सांडपाणी उलटे फिरून शहराच्या पाणी उपसण्याच्या जागेपाशी आले होते, आणि ते आले होते कित्येक आठवडे आधी.

काविळीबद्दल आणखी दोन शब्द. चुन्याच्या पाण्याने हात धुऊन 'ही बघा कावीळ उतरली' म्हणून पिवळे पाणी दाखवणारे आपल्याकडे अजून आहेत, आणि दंडावर डाग देणारेही. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांना विश्रांती आणि साध्या आहाराने आपोआप बरी होते, त्याचे श्रेय हे लोक घेतात. पण गर्भवती स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हीच कावीळ जीव घेईपर्यंत जाऊ शकते. घरात गर्भवती सून असेल आणि तिचे डोळे पिवळे दिसले तर उतरवणाऱ्याकडे नव्हे, त्याच दिवशी रुग्णालयात.

आता नळाकडे येऊ. धरणातून आलेले पाणी शुद्धीकरण केंद्रात स्वच्छ होते, हे खरे. मग ते आपल्या हंड्यात घाण कसे होते? आपल्या वस्त्यांत पाणी चोवीस तास नसते. सकाळी तास-दोन तास येते आणि जाते. पाणी चालू असताना पाइपात जोर असतो, फट असली तर पाणी बाहेर उडते. पाणी गेले की पाइप रिकामा होतो आणि त्याच फटीतून बाहेरचे आत ओढले जाते. आणि आमच्या गल्ल्यांत पाइप कोठून जातो? गटारातून! जागाच नाही, म्हणून गटाराच्या भिंतीला लागून, कधी थेट गटाराच्या पाण्यातून नळाच्या जोडण्या नेलेल्या असतात. दुपारभर त्या फटीतून गटाराचे पाणी पाइपात झिरपते आणि दुसऱ्या सकाळी पहिली घागर भरणाऱ्याच्या नशिबी येते. त्यात कोणी पाण्याला जोर नाही म्हणून नळाला थेट मोटार लावली तर मोटार पाणीही ओढते आणि गटारही ओढते, आणि ते एकट्याच्या घरी येत नाही, साऱ्या गल्लीच्या पाइपात येते. मोटार लावणाऱ्या बांधवाला आम्ही दोष देत नाही, पाणीच पोहोचत नसेल तर तो काय करील? पण गल्लीने बसून यावर बोलले पाहिजे.

तोवर घरात एवढे करावे. पाणी आले की पहिले थोडे पाणी भांडी-लादीसाठी काढावे, नंतरचे पिण्यासाठी भरावे. ते उकळावे, आणि उकळावे म्हणजे कोमट करणे नव्हे, बुडबुडे खळखळून येऊ द्यावेत. गॅस परवडत नसेल तर आरोग्य केंद्रात मिळणारे क्लोरीनचे द्रावण किंवा गोळ्या सांगितल्या मापाने वापराव्यात आणि अर्धा तास थांबावे. तुरटी फिरवली की गढूळपणा तळाशी बसतो, पाणी काचेसारखे दिसते, पण जंतू मेले असे होत नाही. आणि तांब्या हंड्यात बुडवू नये, ओगराळे वापरावे. कष्टाने उकळलेल्या पाण्यात आपण बोटे बुडवतो ती ही जागा.

जुलाब लागलेच तर मूल जंतूने कमी आणि पाणी आटल्याने जास्त दगावते. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, त्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. घोट घोट देत राहावे, अंगावरचे दूध तोडू नये. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित बनगावच्या छावणीत पटकीने मरत होते, सलाइन संपले होते. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी पिंपे भरून मीठ-साखरेचे पाणी ठेवले आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. शंभरातले तीसच्या आसपास मरत होते, ते तीन-चारवर आले. ते पाणी पाजणारे हात आयांचे होते.

पनवेलच्या पावसाळ्यातला दुसरा शत्रू पोटातून येत नाही, पायातून येतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ नाक्यावरून रोजंदारीला जातात. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात दोन दिवस तुंबलेल्या पाण्यात उभे राहून त्यांनी चेंबर मोकळे केले. टाचेला भेग होती. आठवड्याने ताप आला. दुकानातून गोळी घेतली, ताप उतरला, पुन्हा चढला. पोटऱ्या इतक्या दुखत की पाय टेकवेना, डोळे लाल झाले. घरचे म्हणाले, पावसात भिजल्याने झाले असेल. पाचव्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली तेव्हा त्यांना रुग्णालयात नेले. पहिल्या डॉक्टरांनी विचारले, काय होते? दुसऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काका, तुम्ही काम काय करता?" तेथे उलगडा झाला. लेप्टो होता. मूत्रपिंडाला यंत्र लावावे लागले, तीन आठवड्यांनी ते घरी आले. त्या वर्षाची बचत गेली, मुलीचे कॉलेज एक वर्ष मागे पडले.

'काम काय करता' हा प्रश्न डॉक्टरांनी प्रत्येक रोग्याला विचारावा, असे इटलीतील रामाझिनी या वैद्याने १७०० साली लिहून ठेवले. कुंभार, खाणकामगार, शौचकूप उपसणारे यांच्याकडे जाऊन त्यांनी त्यांचे रोग पाहिले होते. तीनशे वर्षे झाली. डॉक्टर विचारत नसतील तर आपण आपणहून सांगावे: मी गटारात उतरलो होतो, मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो, माझा गोठा आहे.

लेप्टोचा जंतू उंदीर-घुशींच्या, तसेच गुरे, कुत्री, डुकरे यांच्या लघवीतून बाहेर पडतो. तुंबलेल्या पाण्यात आणि ओल्या चिखलात तो टिकतो आणि माणसाच्या कातडीवरच्या जखमेतून, भेगेतून, किंवा डोळ्या-नाका-तोंडातून आत शिरतो. माणसाकडून माणसाला तो सहसा लागत नाही, तेव्हा रोग्याला वाळीत टाकायचे कारण नाही. ताप साधारण पाच ते चौदा दिवसांत येतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली ती याच हिशेबाने, पाणी ओसरल्यावर. सुरुवातीलाच ओळखला तर साध्या, स्वस्त प्रतिजैविकाने तो आटोक्यात येतो. उशीर झाला तर यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस काहीही धरतो.

म्हणून पुराच्या पाण्यातून चालावे लागले तर घरी येताच साबणाने पाय धुवावेत. भेग, खरचटलेले असेल तर काम सुरू करण्याआधीच पट्टीने झाकावे. गटाराच्या, चिखलाच्या कामाला गमबूट आणि हातमोजे हे ठेकेदाराने द्यायचे असतात, ते मागावेत, उपकार म्हणून नव्हे. जखम असताना पुराच्या पाण्यात गेलात तर ताप येण्याची वाट न पाहता तीन दिवसांच्या आत सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा. अशा वेळी डॉक्टर प्रतिबंधक गोळी देतात. ती दुकानातून मनाने घेऊ नये, गर्भवतीला आणि लहान मुलांना ती चालेलच असे नाही. आणि पावसाळ्यात ताप आला की तो कसला आहे हे कळेपर्यंत 'साधा' म्हणू नये. बांधकामाच्या टाक्यांत आणि छतावरच्या पिंपांत वाढणारे डास हिवताप आणि डेंग्यू देतात, त्यांचीही सुरुवात तापानेच होते. डासाचे अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस जातात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडे केले की ती वाट तेथेच तुटते.

उंदराचे आणि गरिबाच्या वस्तीचे वैर जुने आहे. १८९६ साली मुंबईत मांडवीच्या धान्य गोदामांच्या भागात प्लेग आला. आधी उंदीर मरून पडत होते, मग माणसे. सरकारने घरे धुतली, सामान जाळले, कौले काढली, माणसे ओढून छावणीत नेली, पण उंदरावरची पिसू हा रोग माणसात आणते हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली सांगितले, आणि तेही लगेच कोणी मानले नाही. त्या काळात पुण्यात हडपसरजवळ यशवंतराव फुले यांनी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले एक पोर क्रांतिज्योती सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. रोगाची वाट तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या.

त्या साथीनंतर मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट घरे पाडणे, रस्ते रुंद करणे, कामगारांसाठी चाळी बांधणे हे त्याचे काम. परळच्या पोयबावडीतील ज्या चाळीत बाबासाहेब राहत, ती चाळ याच ट्रस्टची. हे सांगायचे कारण असे की प्लेगच्या वेळीही म्हटले गेले, हे लोकच घाणेरडे राहतात म्हणून रोग होतो. आजही म्हणतात. आम्ही विचारतो, एका खोलीत आठ माणसे कोण हौसेने राहतो? गटारातून नळ कोणी स्वतःहून नेला? आपल्या घरातला हंडा झाकणे आपले काम आहे, आणि ते आपण केलेच पाहिजे, सबबी नकोत. पण गटारातला पाइप काढून वर घेणे, कचरा रोज उचलणे, सांडपाण्याची वाहिनी टाकणे हे हंडा झाकून होत नाही. पनवेलला नगरपालिका १८५२ पासून होती आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका आहे. कर आपण भरतो. कोणी मेहेरबानी करीत नाही.

पण नुसती ओरड केली की 'पाहतो' असे उत्तर मिळते. ओरडीबरोबर यादी न्यावी. देवीचा रोग, ज्याला आपण देवीच म्हणत होतो, तो या देशातून १९७५ साली गेला. कसा गेला? सगळ्या कोटी कोटी लोकांना टोचून पुरे पडेना, तेव्हा पद्धत बदलली. एक एक रोगी शोधायचा आणि त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना टोचायचे. त्या काळी भिंतीभिंतीवर रंगवलेले असे: देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा. हजार रुपये त्या वेळी कितीतरी मोठे होते. सरकारला त्या रोग्याची खबर तेवढ्या मोलाची वाटत होती, कारण खबर लवकर आली तर वाट लवकर तुटते. आज कोणी हजार रुपये देणार नाही, खबर मात्र तितकीच मोलाची आहे. एका गल्लीत आठवडाभरात जुलाबाचे पाच-सहा रोगी झाले तर आशाताईंना, नागरी आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. दोन दिवसांनी नव्हे.

विहारातल्या त्या बैठकीनंतर महिला मंडळाने दोनशे पानी एक वही घातली. रेघा मारून रकाने पाडले: तारीख, घर, वय, काय होते, पाणी कोणत्या नळाचे, काम काय करतात, घरात एकूण माणसे किती. शेवटचा रकाना आम्ही आग्रहाने घालायला लावला. ऑगस्टमध्ये जुलाबाची नऊ नावे चढली, त्यातली सात एकाच नळाची निघाली. वहीची पाने झेरॉक्स करून अर्जाला जोडली. पाण्याचा नमुना तपासायला चौथ्या दिवशी माणूस आला. पाइप मात्र गटारातून वर यायला डिसेंबर उजाडला, आणि तोही अर्ध्याच गल्लीचा.

आजींना लिहिता-वाचता येत नाही. पण कोणत्या नळावर कोण येते, कोणाची सून किती महिन्यांची आहे, कोण रात्रपाळीला जातो, हे त्यांना तोंडपाठ आहे. रविवारी त्या भिंतीला टेकून सांगत जातात आणि नववीतली नात रकाने भरते. परवा एक नाव आले तेव्हा नातीने लिहिले, ताप. आजींनी तिला थांबवले आणि म्हणाल्या, "नुसता ताप नको लिहू. तो कुठे कामाला होता ते विचारून ये आधी."